बोर्डे साहेबांची क्लीन चिट

टीव्हीवर कुणाला तरी क्लीन चिट मिळाल्याची पट्टी सरकली, की आजही माझ्या कानात बोर्डे साहेबांचा आवाज येतो. "दिली कुणी? कुठल्या चौकशीत? आरोप काय होता?" टीव्ही काही उत्तर द्यायचा नाही. मग साहेब रिमोट उशीखाली सारायचे आणि म्हणायचे, "ह्यांना शब्दच कळत नाय. पुढच्या बातम्या काय बघायच्या!"

रंगनाथ बोर्डे आमच्या सुखदा अपार्टमेंटमध्ये पहिल्या मजल्यावर राहायचे, मी त्यांच्या बरोबर खाली, तळमजल्यावर. संभाजीनगरात गारखेड्याच्या आतल्या गल्लीत आमची ही साधी, बिनलिफ्टची इमारत आहे. साहेबांची सगळी नोकरी एका सरकारी कार्यालयाच्या चौकशी शाखेत गेली. कर्मचाऱ्यावर ठपका आला की त्याचं प्रकरण ह्यांच्या टेबलावर. निवृत्त झाले ते फक्त कार्यालयातून. चौकशी शाखा ते सोबत घरी घेऊन आले होते.

उंची बेताची, पांढरा शर्ट, तेल लावून चापून बसवलेले केस आणि खिशाला दोन पेनं, त्यातलं एक लाल. लाल पेन कशासाठी, असं मी एकदा विचारलं होतं. "ते कधी वापरायचं नाय, नुसतं दिसू द्यायचं," असं उत्तर आलं. समोरचा माणूस बोलायला लागला की साहेब डोळे मिटून घ्यायचे. "चेहरा बघितला की दया येते. दया आली की चौकशी बोंबलली." त्यामुळं झोप आणि चौकशी यातला फरक ओळखणं अवघड जायचं. दुसऱ्या मजल्यावरच्या देशमुख वहिनी एकदा कचऱ्याच्या डब्याची तक्रार बराच वेळ सांगत राहिल्या आणि शेवटी साहेबांनी घोरून उत्तर दिलं. जागे झाल्यावर मात्र ते शांतपणे म्हणाले, "डब्याच्या झाकणापर्यंत आलं ध्यानात. पुढं सांगा."

मला इथं माझ्याबद्दल फार लिहायचं नाही. एरवीही मी बोलत नाही, म्हणून तर आमच्या घरी मला पाहुण्यांसमोर बसवतात आणि विसरून जातात. पण एवढं सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही, की मी जन्मजात अपराधी माणूस आहे. केलेलं काही नसतं. शाळेत कुणीही खडू फेकला तरी कान माझे लाल व्हायचे. दुकानातून काही न घेता बाहेर पडलो तर हात मोकळे दिसतील असे हलवत चालतो. अशा माणसाच्या डोक्यावर चौकशी अधिकाऱ्याचं घर यावं!

साहेबांचे नियम पक्के होते आणि ते जिन्यात, पार्किंगमध्ये, भाजीच्या गाड्यापाशी, कुठंही ऐकायला मिळायचे. "आरोप नसंल तर क्लीन चिट नाय. चौकशी नसंल तरी नाय. अन् स्वतःची स्वतःला तर कधीच नाय. ती दुसऱ्यानं द्यायची असती." पुढं दुसरा धडा. "क्लीन चिट म्हणजे केलं नाय, आणि केलं नाय हे दिसून आलं. बेनिफिट ऑफ डाउट म्हणजे केलंही असंल, पण हाती लागलं नाय. पहिल्यात माणूस छाती काढून घरी जातो, दुसऱ्यात पायाकडं बघत. दोन्ही एका तोंडानं बोलू नका."

देशमुख वहिनींचे यजमान एकदा पेढे वाटत आले. "साहेब, डॉक्टरांनी क्लीन चिट दिली!"

साहेबांनी पेढा हातात घेतला आणि थबकले. "आरोप काय होता?"

"आरोप कसला? शुगर तपासली. नॉर्मल आली."

"मग नॉर्मल म्हणा की. क्लीन चिट काय? तुमच्या शुगरवर कुणी ठपका ठेवला होता?"

"अहो, बोलायची पद्धत असते..."

"आणि हे किती पेढे खाल्ले वाटता वाटता?"

देशमुखांनी पुडा मागं लपवला. साहेबांनी डोळे मिटले. "बेनिफिट ऑफ डाउट," ते म्हणाले आणि स्वतःचा पेढा तोंडात टाकला.

स्वतःला क्लीन चिट देता येत नाही, हे ते फर्दापूरला शिकले होते. नोकरीच्या सुरुवातीचा किस्सा. तिथल्या विश्रामगृहाच्या खानसाम्यावर आरोप होता, की गावातल्या एका म्हातारीचा कोंबडा त्यानं साहेब लोकांना शिजवून घातला. चौकशीला बोर्डे. पोचेपर्यंत संध्याकाळ झाली. खानसाम्यानं गरम भाकरी आणि रस्सा वाढला, ह्यांनी दाबून जेवण केलं, रश्शाची तारीफ केली, दोनदा मागून घेतला. सकाळी म्हातारी आली, तेव्हा कळलं की तिचा एक नाही, दोन कोंबडे होते आणि दुसरा कालच दुपारी गेला.

"तुपे," साहेब मला सांगायचे, "पुरावा माझ्या पोटात होता. मी काय करणार? कागदावर लिहिलं, चौकशी अधिकारी स्वतः प्रकरणात गुंतला आहे, दुसरा नेमा. मोठे साहेब पोट धरून हसले. पण त्यांनी रीतसर माझी चौकशी लावली. माहीत नसताना खाल्लं, असं निघालं. मग त्यांनी स्वतःच्या तोंडानं सांगितलं, बोर्डे, क्लीन चिट. त्या दिवशी मला जेवण गोड लागलं."

"आणि खानसामा?"

"त्याला नाय मिळाली. रस्सा मात्र फर्स्ट क्लास होता."

आमच्या सोसायटीत त्यांच्याकडून क्लीन चिट मिळणं ही मानाची गोष्ट होऊन बसली. देशमुख वहिनींच्या गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया नाहीशा झाल्या आणि संशय तिसऱ्या मजल्यावरच्या शेख भाईंवर आला, कारण डिश अँटेना हलवायला शेवटचे तेच वर गेले होते. शेख भाईंचं रोशन गेटकडं गॅरेज आहे. ते काम टाकून पार्किंगमध्ये हजर झाले. साहेब प्लास्टिकच्या खुर्चीवर, डोळे मिटलेले.

"शेख, कुरडया तुम्ही खाल्ल्या?"

"साब, कच्ची कुरडई कोन खाता? दाँत हैं के पाना?"

"सिद्ध करा."

वहिनींनी घरातली उरलेली वाळकी कुरडई आणली. शेख भाईंनी सगळ्यांसमोर ती दाढेखाली धरली, जोर लावला, कळवळून गाल धरला. साहेबांनी आवाजावरून निकाल दिला. "क्लीन चिट." नंतर कितीतरी दिवस शेख भाई गिऱ्हाइकांना सांगत होते, "अपना काम साफ रहता भाई, अपने पास बोर्डे साब की क्लीन चिट है."

त्या वेळी मी खांबाशी उभा होतो. साहेबांनी एक डोळा उघडला. "तुपे, तुमच्यावर आरोप नाय. उगाच कान लाल करून उभे राहू नका. चौकशीत घोळ होतो."

देशमुखांच्या पप्पूच्या सोयरिकीचा प्रसंग तर गल्लीभर झाला. जालन्याहून मुलीकडचे लोक गुपचूप माहिती काढायला आले आणि नेमके बोर्डे साहेबांनाच भेटले. मुलगा कसा आहे म्हणून त्यांनी विचारलं. साहेब म्हणाले, "सध्या बेनिफिट ऑफ डाउट." पाहुणे चहा न घेता परतले. देशमुख वहिनी पदर खोचून साहेबांच्या दारात आल्या.

"काय हो साहेब, कसला डाउट? माझं लेकरू तुमच्यासमोर लहानाचं मोठं झालं!"

"समोर मोठं झालं, म्हणजे चौकशी झाली असं नाय. मी बिनचौकशीचं सर्टिफिकेट कसं देऊ?"

"मग करा ना चौकशी! घाबरते की काय मी?"

साहेबांनी केली. आठवडाभर ते पप्पूच्या मागं पानटपरीपर्यंत, जिमपर्यंत, आमच्या शहरातल्या कॅनॉट प्लेसच्या आइस्क्रीमच्या गाड्यापर्यंत फिरले, तेही इतक्या उघडपणे, की पप्पूच शेवटी त्यांना गाडीवर मागं बसवून घरी आणायला लागला. मग साहेबांनी जालन्याला स्वतः फोन केला. "मुलग्याला क्लीन चिट. गुटख्याचा एक मुद्दा आहे, तो तेवढा प्रलंबित." लग्न झालं. सून पहिल्याच आठवड्यात साहेबांच्या पाया पडायला आली आणि हळूच म्हणाली, "आबा, तो गुटख्याचा मुद्दा मी निकाली काढला."

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग तो पाण्याचा दिवस आला.

आमच्या शहरात नळाला पाणी रोज येत नाही, हे मराठवाड्यात कुणाला सांगायला नको. ज्या दिवशी येतं तो दिवस सणासारखा. आधी खालचा हौद भरतो, मग मोटार लावून ते पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवायचं. मोटार लावायची आणि टाकी भरली की बंद करायची, ही ड्यूटी पाळीपाळीनं एकेका घराकडं. त्या दिवशी बोर्डे साहेबांकडं होती. सकाळी त्यांनी मोटार लावली, टाकी भरली, बंद केली आणि ते फिरायला गेले. दुपारी लोक बघतात तर मोटार चालू, टाकी भळाभळा वाहतेय, पाणी पार्किंगमधून रस्त्यावर, रस्त्यावरून चौकात, आणि चौकातली म्हैस त्यात निवांत बसलेली. हौद कोरडा ठणठणीत. पुढचं पाणी कधी येईल, ते नळालाच माहीत.

मी संध्याकाळी वाळूजहून कामावरून आलो, तेव्हा सगळी बिल्डिंग पार्किंगमध्ये होती. मोटारीच्या बटणाची पेटी माझ्या खिडकीला लागून आहे. सगळे तिकडं बघत होते आणि माझे कान तापायला लागले. वहिनींनी विचारलं, "ड्यूटी कुणाची होती?" आणि मी, जो कधी तोंड उघडत नाही तो मी, सगळ्यांच्या आधी बोललो. "बोर्डे साहेबांची."

खोटं नव्हतं ते. पण मी ते का बोललो, हे मला तेव्हाही माहीत होतं. आज पहिल्यांदा लिहितोय: सगळ्यांची नजर माझ्या खिडकीवरून हलावी म्हणून.

साहेब जिन्यातून खाली आले. सगळं ऐकून घेतलं. एवढंच म्हणाले, "मोटार मी एकदा चालू केली आणि एकदा बंद केली. याउपर मला काही सांगायचं नाही."

"मग पुन्हा चालू कुणी केली? भुतानं?" वहिनी.

"याउपर मला काही सांगायचं नाही."

"अहो साहेब," देशमुख हसत म्हणाले, "द्या की स्वतःलाच क्लीन चिट आणि मोकळे व्हा!"

साहेबांनी त्यांच्याकडं असं पाहिलं, जसं कुणी देवळात चप्पल घालून आलंय. मग स्वतःची प्लास्टिकची खुर्ची उचलली, जिन्यापाशी उलटी ठेवली आणि जाहीर केलं, "आरोप माझ्यावर आहे. चौकशी होईपर्यंत मी निलंबित."

आम्हाला वाटलं, चेष्टा आहे. पण सरकारी नोकर निलंबित झाला की त्याला जे जे लागू होतं, ते साहेबांनी स्वतःला लावून घेतलं. निलंबनात पगार अर्धा, म्हणून चहा अर्धा कप. कुणी भरून दिला तर उरलेला अर्धा परत. सकाळचं फिरणं निम्म्या रस्त्यापर्यंत. शेख भाईंनी ईदला शिरखुर्म्याची वाटी पाठवली, तर त्यांनी बोटानं मधोमध रेघ धरून खाल्ली आणि वाटी परत. शेख भाई स्वतः त्यांच्या दारात गेले. "कायकू ऐसा करते साब? पूरा खाव ना."

"निर्वाह भत्ता, शेख. नियम आहे."

"शिरखुर्मे पे कायका नियम!"

पण खरी अडचण पुढं आली. निलंबित माणसाला परवानगीशिवाय मुख्यालय सोडता येत नाही. आणि त्याच सुमारास नाशिकला त्यांच्या एकुलत्या एका मुलीला, वैशालीला, मुलगी झाली. पहिली नात. पुढच्या रविवारी संध्याकाळी तिथल्या बुद्ध विहारात नामकरण. साहेबांच्या पत्नी शकुंतला काकूंनी पिशव्या भरल्या. साहेब खिडकीत बसून राहिले.

काकूंचा आवाज खाली माझ्या स्वयंपाकघरात स्पष्ट यायचा. "अवो, लेकीच्या घरी जायला कुणाची परवानगी पायजे तुम्हाला?"

"नेमणूक अधिकाऱ्याची."

"त्यो कोण?"

"अजून नेमला नाय."

"मग मी नेमते! जा म्हणते मी!"

"तू माझी बायको आहेस. तुला अधिकार नाय."

काकू एकट्या जाईनात. "दोघांनी मिळून नातीचं तोंड बघायचं, न्हाय तर न्हाय," असं म्हणून त्यांनीही पिशव्या तशाच ठेवल्या. वैशालीचे फोन यायला लागले, आधी हसत, मग रडत. सगळी बिल्डिंग हवालदिल झाली. देशमुख वहिनी स्वतः त्यांच्या घरी गेल्या, मागोमाग मी. "साहेब, झालं गेलं विसरा. आम्ही सगळ्यांनी तुम्हाला माफ केलं."

साहेब ताडकन उभे राहिले. मी त्यांना त्याआधी किंवा नंतर कधी इतकं चिडलेलं पाहिलं नाही. "माफ? माफी गुन्हेगाराला असती बाई! मी मोटार बंद केली होती!"

त्या रात्री मला झोप लागली नाही. नाव पहिल्यांदा मी घेतलं होतं. सकाळी मी वर गेलो, दार लोटलं आणि उभ्यानंच म्हणालो, "साहेब, मोटार मी चालू केली."

साहेबांनी खुर्ची दाखवली आणि डोळे मिटले. "कधी?"

"तुम्ही फिरायला गेल्यावर."

"पेटीची कडी कुठल्या बाजूला सरकवली?"

"उजव्या."

"कडी तुटून वर्ष होत आलं. पेटी दोरीनं बांधलीय. तुमच्या खिडकीखाली आहे तुपे, कधी बघितली नाय का?"

मी कानावरून हात फिरवला.

"त्या दिवशी तुमची पहिली पाळी. कंपनीची बस कोपऱ्यावर होती. तुम्ही डबा विसरलात आणि तुमच्या मिसेस गाऊनवर बसमागं पळाल्या. मी गच्चीतून पाहिलं. टाकी तेव्हा अर्धीसुद्धा भरली नव्हती." मग त्यांनी डोळे उघडले. "तुपे, क्लीन चिट. खोटी कबुली दिल्याबद्दल वेगळी चौकशी लावली पाहिजे, पण मी निलंबित आहे."

आयुष्यभर मी ह्या दोन शब्दांसाठी आतून तळमळत होतो. मिळाले ते असे, नको तेव्हा, आणि तेही पुराव्यासकट.

जिना उतरत होतो तर मागून काकू आल्या. हातात चहाचा ट्रे, त्यात एक भरलेला कप आणि एक अर्धा.

"भाऊ, तुमी कशाला खोटं बोललात? ती मी केलती."

"काय?"

"मोटार. वैशालीसाठी गोधड्या शिवल्या होत्या, त्या धुवायला काढल्या. वर गच्चीवरच्या नळाला धार बारीक लागली, मला वाटलं टाकी भरली न्हाय. खाली येऊन बटन दाबलं, वर जाऊन साबण लावत बसले. आन् इसरले."

मला त्या गोधड्या आठवल्या. दोन दिवस गच्चीच्या दोरीवर सगळ्यांच्या डोक्यावर ठिबकत होत्या. सबंध सोसायटी त्यांच्याखाली उभी राहून विचारत होती, पाणी गेलं कुठं.

"साहेबांना माहीत आहे?"

"त्याच दिवशी. फिरून आले, वर आले, गोधडी बघितली, टाकी बघितली, माझ्याकडं बघितलं. एक टोक धरून पिळू लागले. काय बोलले न्हाईत." काकूंनी ट्रे पायरीवर ठेवला. "मी सांगते समद्यांना म्हणलं, की डोळे मिटून घेतात. सोसायटीतल्या बाया मला बोलतील, ह्याची भीती त्यांना. मला न्हाय."

मी त्यांना काही सुचवलं नाही. मला सुचलंच नाही. काकूंनी आपणच ठरवलं. रविवारी सकाळी त्या विहारात नेसायची ठेवणीतली पांढरी साडी नेसून पार्किंगमध्ये उतरल्या आणि जिन्याकडं तोंड करून हाक मारली. "या समदे खाली!"

सगळे आले. साहेबही आले, शर्टाची वरची गुंडी लावत.

"मोटार मी लावली होती. गोधड्या धुवायला. ह्यांनी बंदच केलती. आता काय बोलायचं ते मला बोला."

देशमुख वहिनींनी तोंडावर हात ठेवला. "अहो काकू, मग त्याच दिवशी सांगायचं ना!"

"त्या दिवशी तुमीच येवढं बोलत होतात, वहिनी. मधी जागाच घावली न्हाय."

पहिल्यांदा वहिनीच हसल्या, मग सगळे. शेख भाई पुढं झाले. "चलो, खतम. साब, आप को क्लीन चिट!"

"अशी नाय," साहेब म्हणाले. "आधी खुर्चीवर बसा. आरोप वाचा. मग माझं म्हणणं विचारा."

शेख भाईंनी उलटी खुर्ची सुलटी केली, शर्टानं पुसली, बसले. डोळेसुद्धा मिटले.

"आप पे आरोप है, के आपने मोटार..."

"मराठीत. हिला कळायला पायजे," साहेब म्हणाले.

"तुमच्यावर आरोप हाय. तुमी मोटार बंद नाय केली."

"केली होती."

"साक्षीदार?"

"मी," काकू म्हणाल्या. "चालू करताना बंदच होती ती."

शेख भाईंनी डोळे उघडले. "बोर्डे साब, क्लीन चिट."

साहेबांनी मान लववली. नेहमीची सवय म्हणून डोळे मिटायला गेले आणि मध्येच थांबले. मिटले असते तर पाणी गालावर आलं असतं, असं मला वाटतं. ते तसेच टक्क बघत राहिले, आमच्या प्रत्येकाच्या चेहऱ्याकडं, एकेक करून.

तेवढ्यात पप्पू म्हणाला, "मग आता काकूंची चौकशी?"

सगळ्यांनी त्याच्याकडं रागानं पाहिलं. साहेब मात्र खुर्चीत बसले. खिशातलं लाल पेन काढलं. "नाव?"

"अगं बाई! माझं नाव ठाव न्हाय तुम्हाला?"

"पूर्ण नाव लागतं. नियमानं."

"शकुंतला..."

"पुढं?"

काकूंनी पदर तोंडाशी नेला. बायका एकमेकींना कोपरं मारायला लागल्या. "घ्या काकू, नाव घ्या!"

"रंगनाथ," काकू पदरातून म्हणाल्या. "बोर्डे."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं आणि उठून उभे राहिले. "नावावरून असं दिसतं, की ही व्यक्ती चौकशी अधिकाऱ्याची पत्नी आहे. ही चौकशी मला करता येणार नाही. दुसरा अधिकारी नेमा."

खुर्ची रिकामी राहिली. साहेबांनी वाट बघितली, आमच्यातला एकही जण पुढं झाला नाही. "मग प्रकरण प्रलंबित," ते म्हणाले आणि घड्याळाकडं बघितलं. "शेख, तुमची गाडी चालू आहे का? नाशिकला संध्याकाळपर्यंत पोचू?"

"हौ साब, बैठो!"

ते गेले आणि मग तिकडचेच झाले. नातीला सांभाळायला आधी महिनाभर, मग पावसाळाभर, मग इथला फ्लॅट भाड्यानं दिला. फोनवर बोलणं व्हायचं, पण मी फोनवर त्याहून गप्प. अलीकडं कंपनीच्या कामानं नाशिकला गेलो, तेव्हा न कळवता त्यांच्याकडं गेलो.

वैशालीच्या घराचं फाटक उघडं होतं. बाहेर रस्ता, त्यावर टेम्पोंची ये-जा. आत अंगणात साहेब अर्धवट भिंतीकडं तोंड करून, दोन्ही हातांनी डोळे झाकून मोठ्यानं आकडे मोजत होते. नात कुंडीमागं लपत होती, तिचा अर्धा फ्रॉक बाहेर. मी फाटकाच्या खांबाआडच थांबलो. तिथून मला साहेबांची बोटं दिसत होती. दोन बोटांमध्ये चांगली फट होती आणि तिच्यातून एक डोळा फाटक, रस्ता आणि कुंडी असा एकसारखा फिरत होता.

मोजून झालं. साहेब वळले, नाटकीपणानं सगळीकडं शोधलं आणि कुंडीशी आले. पोरगी उसळून बाहेर आली.

"आबा, तू बघितलं! तू फट केली!"

"मी? नाय बुवा."

"खरं सांग."

"खरंच नाय."

तिनं त्यांना खाली बसायला लावलं. हात हातात घेतले, बोटं एकेक करून जुळवून बघितली, उजेडाकडं धरली, नाक लावून वास घेतला. साहेब मान खाली घालून, श्वास रोखून बसले होते.

"बरं," ती म्हणाली. "क्लीन चिट."

साहेबांच्या चेहऱ्यावर जे पसरलं, ते सुख मी पार्किंगमध्येसुद्धा पाहिलं नव्हतं. मग त्यांची नजर वर आली आणि खांबाआडून फाटकात आलेला मी त्यांना दिसलो. त्यांचा सगळा चेहरा लाल झाला, कानांच्या पाळ्यांपर्यंत.

मी फाटक आतून लावलं, कडी घातली, आणि म्हणालो, "आत्ताच आलो, साहेब. मी काही पाहिलं नाही."